घेऊ का म्हणून विचारता, मग ऐकत का नाही?

दर महिन्याला कुणीतरी रंकाळ्यावर गाठतो. "भावा, प्रोजेक्ट झोम्बॉइड घेऊ का? पैसे वसूल होतील न्हवं?" झोम्बींच्या, म्हणजे चालत्या-फिरत्या मुडद्यांच्या, जगात जीव वाचवत राहायचा हा कम्प्युटर गेम. मी जीव तोडून सांगतो. घे, पण आधी समजून घे. ही तुझ्या मरणाची गोष्ट आहे, असं गेम सुरुवातीलाच पडद्यावर लिहून देतो. झोम्बीनं ओरबाडलं तर लागण होऊन आपणही झोम्बी होण्याची शक्यता ७ टक्के, कातडी फाटली तर २५, आणि चावला की संपलं. औषध नाही. जुन्या सेव्हवर परत जाणं नाही.

समोरचा मान डोलावतो. रात्री अकराला फोन येतो, "मेलो की रं! फालतू गेम हाय."

काय केलंस? तर काच फोडून घरात शिरला. अरे, त्या आवाजानं आख्खी गल्ली गोळा होते, हेच घसा कोरडा करून सांगत होतो ना!

गेममध्ये वीज-पाणी तुटायच्या आत घरातलं मिळेल ते भांडं भरून ठेवायचं असतं. २०१९ चा महापूर बघितलेल्या कोल्हापूरकराला हे मी शिकवायचं? तेव्हा आपण बादल्या, घागरी, कुकरसुद्धा भरून ठेवले होते. तीच धास्ती, तीच जपणूक या गेममध्ये आहे, म्हणून तर तो मला एवढा आवडतो.

झेपत नसेल तर सँडबॉक्समध्ये, म्हणजे नियम आपणच ठरवायच्या खेळप्रकारात, झोम्बी कमी करा, लागण बंद करा. सोय दिलेली आहे. पण अर्धा तास खेळून फालतू म्हणू नका. निदान मला फोन करून तरी नको.