अलॉय धुणाऱ्याला सल्ले फुकट

साताऱ्यात चाक धुवायला बसलेला माणूस सार्वजनिक मालमत्ता असतो. बॉनेट पुसत असाल तर कुणी ढुंकून बघत नाही. पण बादली, ब्रश घेऊन चाकासमोर उकिडवे बसलात, की येणाऱ्याजाणाऱ्याला तुमची माया वाटू लागते. "ओ दादा, डिझेल मारा की त्याला." "संडासचं अ‍ॅसिड घ्या, मिनिटात निघतंय." "टूथपेस्ट लावून बघितली का?" चिखलानं जेवढी अलॉय खराब होत नसतील तेवढी या मायेनं होतात, असं माझं ठाम मत आहे.

रंगवलेलं अलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव चाक, त्यावर प्रायमर, त्यावर चंदेरी नाहीतर राखाडी रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. आपण जन्मभर धुतो ते हे लॅकर. एवढं डोक्यात बसलं की निम्मे सल्लागार आपोआप बाद होतात. काथ्या आणि तारेची घासणी लॅकरवर ओरखडे काढतात. टूथपेस्टही बारीक घासणीच. अ‍ॅसिडची गंमत अशी की ते चाक खरंच मिनिटात चमकवतं आणि बिल नंतर पाठवतं. खडा लागून जिथं टवका उडालाय तिथून ते आत शिरतं, आणि काही महिन्यांनी लॅकरखाली पांढरट, नागमोडी रेषा सरकायला लागतात. अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅसिड सोसत नाही आणि तीव्र सोडाही सोसत नाही, म्हणून कपडे धुवायची पावडरही नको. डिझेलनं तासभर काळोखी छान दिसते, मग त्यावर सगळ्या रस्त्याची धूळ येऊन बसते आणि टायरचं रबर नासतं ते वेगळंच. चाकावर कोल्ड्रिंक ओता म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावं, की त्यात नावापुरतं अ‍ॅसिड असतं आणि मुंग्यांपुरती साखर.

खरा शत्रू चिखल नव्हे. कासच्या रस्त्यावरचा तांबडा चिखल दिसायला भयंकर, पण पाण्यानं जातो. न जाणारी ती काळी-तपकिरी पूड ब्रेकची असते. कास पठार साधारण बाराशे मीटरवर आणि सातारा सातशेच्या थोडं वर. म्हणजे फुलं बघून यवतेश्वरमार्गे खाली येताना बाराशे किलोची गाडी साडेचारशे मीटरच्या आसपास उतरते. ती सगळी शक्ती कुणीतरी गिळायला हवी. पुढचा गडी न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून 'पेट्रोल वाचवत' उतरत असेल तर ती त्याचे पॅड आणि डिस्क गिळतात, आणि झिजलेलं लोखंड तापलेलं असतानाच लॅकरवर जाऊन चिकटतं. वर पावसाचं पाणी पडलं की तिथंच गंजतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, निम्मी सफाई घाटातच होईल. पुढची चाकं जास्त काळी का, हेही नेहमी विचारलं जातं. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, त्यामुळे जास्त काम पुढचेच ब्रेक करतात. शिवाय आपल्या बऱ्याच गाड्यांना मागे बंद डब्यासारखे ड्रम ब्रेक असतात, त्यांची पूड आतच राहते.

धुण्याची पहिली अट म्हणजे चाक गार हवं. हाताला कोमट लागलं तरी थांबा, चहा घ्या. गरम चाकावर शाम्पू जागीच वाळतो आणि नवे डाग पडतात. दुसरी अट सावलीची. तिसरी, गाडीच्या आधी चाकं, नाहीतर धुतलेल्या दारांवर चाकांचं काळं पाणी उडतं. एका वेळी एकच चाक घ्यायचं.

आधी नुसत्या पाण्यानं चिखल काढायचा. प्रेशरचा पाइप असेल तर नोझल फूटभर लांब ठेवा, जवळून मारलं तर टवक्यापाशी लॅकर उचकटतं. मग दोन बादल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत दहा लिटरला पंचवीस-तीस मिली गाडीचा शाम्पू. बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर बाटलीचं ऐका. ब्रश आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. नाहीतर तीच वाळू पुन्हा चाकावर फिरते. हात जाणार नाही अशा आतल्या गोलाईला लांब दांड्याचा मऊ ब्रश. नटांच्या खळग्यांना रंगाचा दीड इंची ब्रश उत्तम, मात्र त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. पत्रा एकदा लॅकरवर घासला की ती रेघ रोज दिसते. चाकांची फडकी वेगळी ठेवा. घरात ती कुणी ओट्यावर वापरली, तर त्यानंतरच्या प्रसंगाला हा लेख जबाबदार नाही.

एवढ्यानंतरही बोटाला खरखर लागत असेल, तर आयर्न रिमूव्हर, म्हणजे चिकटलेली लोखंडाची पूड सोडवणारा फवारा. पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधात असतो त्याच कुळातला पदार्थ यात असतो. तो लोखंडाशी जुळतो आणि जांभळा होतो. चाकाला साधारण पन्नास मिली फवारायचं, तीन ते पाच मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, ब्रश फिरवून भरपूर पाण्यानं धुवायचं. हातमोजे घाला. वास सडक्या अंड्यांचा येतो, त्यामुळे सल्लागार मंडळी चार पावलं मागे सरकतात, हा जास्तीचा फायदा. मात्र चाकावरून जांभळे ओघळ सुटले की तीच मंडळी ओरडतात, "अहो, रंग चालला!" रंग कुठे जात नाही, जातं ते लोखंड. वर्षातून दोन-तीनदा पुरे. दर रविवारी हे मारणारेही आहेत. त्यांना जांभळं बघायचं व्यसन लागलेलं असतं.

डांबराचे ठिपके यानं निघत नाहीत. त्याला टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन मिनिटभर धरायचा आणि पुसायचा. फवारू नका. चाकाच्या आतल्या अंगाला बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं असतात. त्यांच्या गोंदाला टार रिमूव्हर लागला की वजन गळून पडतं, आणि महामार्गावर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग माणूस सस्पेन्शनचा खर्च काढून बसतो.

दसऱ्याचं प्रकरण स्वतंत्र आहे. खंडेनवमीला नाहीतर दसऱ्याला गाडी पूजली जाते, चाकांना हळदकुंकू लागतं, टायरखाली लिंबू फुटतं. दुसऱ्या दिवशी कुणी साबणाच्या फेसानं हळद घासायला घेतं आणि पिवळा डाग लालभडक होतो. घरातल्या ज्येष्ठांना त्यात कोप दिसतो. कोप वगैरे काही नाही, साबण अल्कली आणि अल्कलीत हळद लाल होते. आधी कोरड्या ब्रशनं झटका, मग गाडीच्या शाम्पूनं धुवा. राहिलेला पिवळेपणा ऊन खातं, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. लिंबाचा रस मात्र त्याच दिवशी धुवा. गल्लीतल्या कुत्र्यांनी रोज ठरावीक चाकावर केलेला अभिषेकही तसाच. त्यातले क्षार टवक्यात मुरतात. गाडी उलट्या तोंडानं लावून बघा. कुत्री फसत नाहीत, पण दोन्ही बाजूंना समान न्याय मिळतो.

आता संरक्षण. मेणाचं पॉलिश दिसतं देखणं, पण कार्नाउबा मेण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना वितळतं. घाट उतरणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांवर त्याचा फार निभाव लागत नाही. चाकांसाठीचा सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचा रासायनिक लेप, बरा, दोन-तीन महिने काढतो. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे वाळून काचेसारखा कडक होणारा लेप, त्याहून टिकाऊ, पण त्याचे नखरे पावण्यांसारखे. चाक काढायचं, धुवायचं, पूर्ण वाळवायचं. नटांच्या खळग्यांत पाणी दडून बसतं, ते ब्लोअरनं उडवायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं करून पुसायचं. मग वीतभर जागेत चार थेंब पसरायचे, इंद्रधनुष्यासारखी झाक आली की मिनिट-दोन मिनिटांत मायक्रोफायबरनं सारखं करायचं. उशीर झाला की ओघळ दगडासारखे बसतात. पुढचे चोवीस तास पाणी नको. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात हा विषयच काढू नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा बघावी.

चाक काढताना जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगडाची अटक हवी. नट गाडी जमिनीवर असतानाच पाव आटा सैल करायचे, मग जॅक. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. परत बसवताना नट समोरासमोरच्या क्रमानं आवळायचे. पान्यावर उभं राहून उड्या मारायची आपल्याकडची पद्धत आटे खाते; मॅन्युअलमध्ये टॉर्कचा, म्हणजे नट किती जोरानं आवळायचा त्याचा, आकडा दिलेला असतो, बऱ्याच छोट्या गाड्यांना शंभर न्यूटन मीटरच्या आसपास. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासायचे. चाक जिथं हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, टेकतं तिथं कोटिंग, मेण, ग्रीस काही नको.

धुऊन झालं की लगेच हँडब्रेक ओढून गाडी लावू नका, ओले ब्रेक चिकटतात. एक चक्कर मारा, हलके चार ब्रेक दाबा, ते वाळतात. हे राहिलं तर सकाळी चकाचक अलॉयच्या आत भगव्या रंगाची डिस्क दिसते, आणि दूध घेऊन चाललेले काका थांबतातच.

"आतली चकती गंजलीय बघा."

"ओल्या लोखंडावर येतो तसा गंज, काका. दोन ब्रेकमध्ये जातो."

"जाऊ दे, पण थोडं तेलाचं बोट फिरवा की त्याच्यावर."

डिस्कवर तेलाचं बोट फिरवलं तर गाडी पोवई नाक्यावर थांबायच्या ऐवजी थेट कोरेगावला थांबेल, हे काकांना समजावून सांगेपर्यंत त्यांचं दूध तापतं.