फर्नेस टाकण्याआधी तो मेसेज पुन्हा वाचा

‘कोरोनानं जागतिकीकरण संपवलं, चीनच्या ऑर्डरी भारताकडे वळल्या, बेळगावच्या फाउंड्रीला सोन्याचे दिवस. कर्ज काढा, फर्नेस टाका. पुढची साथ आलीच तर सरकार हप्ते माफ करतंच.’ हा लांबलचक मेसेज बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे औद्योगिक भागातल्या ग्रुपांवर परत फिरतोय. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतून सुटे भाग (कास्टिंग) करणारा कारखाना, फर्नेस म्हणजे त्याची वितळवायची भट्टी. दोन लेथ चालवणारा आमचा मावसभाऊ त्याच्या भरवशावर बँकेत फाइल टाकायला निघालाय, म्हणून हे लिहितोय.

त्या मेसेजमधलं ‘१७२०, १८२०, १९२०, २०२०, दर शंभर वर्षांनी साथ’ हे सोडूनच द्या. पटकी १८१७ साली जेसोरला भडकली, फ्लू १९१८ चा. १८९६ चा मुंबईचा प्लेग यादीत नाही, कारण तो गणितात बसत नाही.

जागतिकीकरण संपलं म्हणे. एप्रिल २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेनं मालाचा व्यापार १३ ते ३२ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. घटला पाचेक टक्के, आणि २०२१ मध्ये नऊ टक्क्यांहून जास्त वाढला. चीनकडून आपली आयात वाणिज्य मंत्रालयाच्या आकड्यांत बघा: २०१९-२० ला ६५ अब्ज डॉलर, २०२१-२२ ला ९४, २०२३-२४ ला १०१. ज्याच्या ऑर्डरी आपल्याकडे ‘वळल्या’, त्याच्याकडूनच आपण दीडपट माल घेतोय!

मोबाइलची जुळणी आपल्याकडे वाढली, हे खरं. कास्टिंगच्या चौकश्याही आल्या, तेवढं मान्य. पण चौकशी म्हणजे ऑर्डर नव्हे.

आधी ड्रॉइंग येतं. मग पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना), सॅम्पल, मापांचा आणि हार्डनेसचा रिपोर्ट, ट्रायल लॉट, आणि शेवटी मंजुरी. परदेशी गिऱ्हाइकाकडे यात सहा महिने ते वर्ष सहज जातं. इकडे अर्ध्या टनाच्या इंडक्शन फर्नेसला साडेतीनशे किलोवॅटच्या घरात वीजजोड लागतो, टनामागे साधारण ६०० युनिट जातात. आणि भट्टीत धातू वितळवा न वितळवा, हेस्कॉम या वीज कंपनीचा डिमांड चार्ज (जोडभारावरचा आकार) सुटत नाही.

सॅम्पल नीटच येतं, त्या दिवशी मालक स्वतः उभा असतो की! रोजच्या लॉटला साच्याच्या वाळूत ओल राहिली की ब्लोहोल, म्हणजे आत वायूच्या पोकळ्या धरतात. वरून काही दिसत नाही, मशीनवर पहिला कट घेतला की उघडे पडतात. इनॉक्युलंट (ओतण्याआधी रसात टाकायची पूड) कमी पडलं किंवा धातू लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात रेंगाळला, तर पातळ भागाला चिल धरतो, म्हणजे तो भाग काचेसारखा कडक होतो, आणि टूलची टिप उडते. कास्टिंग तर परत येतंच, वर मशीनिंगच्या खर्चाची डेबिट नोटही येते. कंटेनरचं भाडं कोणाच्या माथी, हेही विचारलेलं नसतं. सप्टेंबर २०२१ मध्ये चाळीस फुटी कंटेनरचा जागतिक सरासरी दर दहा हजार डॉलरच्या वर गेला होता.

सगळ्यात घातक थाप हप्ते माफीची. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, माफ केले नाहीत. व्याज चालूच होतं. २० लाख शिल्लक आणि १२ टक्के दर धरला तर सहा महिन्यांचं १ लाख २० हजार. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या काळातल्या व्याजावरचं व्याज रद्द केलं, पण मूळ व्याज माफ करायला साफ नकार दिला. सरकारी हमीचं जे कर्ज मिळालं, ते सुरुवातीला आधीच्या कर्जाच्या २९ फेब्रुवारी २०२० च्या येणे बाकीच्या २० टक्क्यांपर्यंत. हमी सरकारची बँकेला होती. फेडायचं आपणच.

‘कोरोनात गावाकडे परतलेले सुखी झाले’ असंही त्यात म्हटलंय. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणात शेतीवर राबणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९ च्या ४२.५ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४६.५ वर गेलं. खानापुरात दोन एकर भाताच्या लावणीला चौघांच्या जागी सहा जण उतरले, तरी भात तेवढंच निघतं. आणि त्याच मेसेजात ‘सीमा उरल्या नाहीत’ म्हणणाऱ्यानं २०२१ चा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका आठवावा, ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर मागत होते.

फाइल टाकायचीच असेल तर बँकेआधी गिऱ्हाइकाकडून वर्षाच्या ऑर्डरींचं शेड्यूल लेखी आणा, पॅटर्नचे पैसे आणि भाडं कोण देणार ते त्यातच लिहून घ्या. तोवर दुसऱ्याच्या फर्नेसवर जॉबवर्कनं, म्हणजे मजुरी देऊन ओतून घ्या.