यात तुझं काम कुठंय?

ऑफिसला पाठवायचा एक मेल मी तीन रात्री लिहीत होते. विषय एवढाच, की आजारामुळे मला घरून काम करू द्यावं. पहिल्या मसुद्यात 'तसदीबद्दल क्षमस्व' दोनदा आलं होतं आणि 'शक्य झाल्यास' चारदा. नवऱ्याने वाचून विचारलं, "यात तुझं काम कुठंय?" खरंच नव्हतं. आजार होता, माफी होती, आधीच मानलेले आभार होते.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावरच हल्ला करते. बाहेरून काही कळत नाही, म्हणून "तू तर चांगली दिसतेस" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. अंग तापलं की आवरण खराब झालेल्या तंतूंमधून संदेश आणखी अडखळत जातात. गर्दीत तासभर उभी राहून ऑफिसात पोचले की उजव्या डोळ्यासमोर धूर पसरतो. माझं काम हिशेब तपासण्याचं. आकड्याच्या शेवटी दोन शून्यं आहेत की तीन, ते स्क्रीनला बोट लावून मोजावं लागतं. थंड जागेत बसल्यावर नजर हळूहळू निवळते, पण थकवा उतरत नाही. दिवसाची निम्मी ताकद खुर्चीत बसण्याआधीच संपलेली असते.

दुसरा मसुदा मी कामापासून सुरू केला. दिवसभरात काय काय करते ते लिहून काढलं: नोंदी तपासणं, शंका विचारणं, अहवाल लिहिणं, महिन्यातून एकदा मूळ कागदांवर सह्या. शेवटचं सोडलं तर एकाही कामाला ऑफिसची इमारत लागत नव्हती. मग कुठे अडतं ते लिहिलं: प्रवास, उकाडा, मधे पंधरा मिनिटं आडवं व्हायला जागा नसणं. मागणीही नेमकी ठेवली. सह्यांच्या दिवशी ऑफिस, एरवी घरून, तीन महिने करून बघू आणि कामाचे आकडे समोर ठेवून पुढचं ठरवू. डॉक्टरांकडूनही तसंच पत्र घेतलं. एमआरआयचा रिपोर्ट जोडला नाही. मेंदूत डाग किती, हे एचआरला कळून काय करायचंय? उकाड्याने नजर जाते आणि त्याने कामात काय चुकू शकतं, हे त्यांना कळणं गरजेचं होतं.

हे मागताना आपण हात पसरतोय असं वाटतं ना, ते मनातून काढायला मला कायदा वाचावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात वाजवी समायोजन, म्हणजे माणसाच्या गरजेप्रमाणे कामाच्या पद्धतीत किंवा जागेत करायचा रास्त बदल, नाकारणं हाच भेदभाव मानलाय. अमेरिकेत १९९० च्या कायद्यात आणि ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यात मालकावर तशी जबाबदारी आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी समायोजनाची व्याख्या आहे, २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, आणि समान संधी धोरण जाहीर करणं खासगी कंपन्यांनाही बंधनकारक आहे. अर्ज करण्याआधी आपल्या कंपनीचं ते धोरण मागून घ्या. मी मागितलं तेव्हा ते कुठे ठेवलंय हे शोधायलाच आठवडा गेला.

कायदा मालकालाही बघतो. त्याच्यावर अवाजवी बोजा पडत असेल तर तो नाही म्हणू शकतो, आणि हे मला मान्य आहे. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या नर्सचं काम घरून होणार नाही. तिच्यासाठी पाळ्यांचा, बसायच्या जागेचा विचार करावा लागेल. पण मला बोजा कुणी सांगितलाच नाही. मला सांगितलं गेलं, "तुम्हाला दिलं तर सगळेच मागतील." हेच काम २०२० मध्ये आम्ही सगळ्यांनी महिनोन् महिने घरून केलं होतं. एकही अहवाल लांबला नव्हता. तेव्हा त्याला कुणी सवलत म्हणत नव्हतं. ते उत्तर वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

दीड महिन्याने परवानगी मिळाली. पहिल्या मीटिंगला टेबलावर एकच माइक होता, तोही बॉसच्या समोर. बाकीच्यांची नुसती कुजबुज ऐकू येत होती. निर्णय झाल्यावर मला कळले. तेव्हा हेही अर्जातच लिहा: मीटिंग कशी होणार, बढतीच्या वेळी काम कशावर मोजणार. नुसतं 'घरून काम' मिळालं की माणूस हळूच यादीतून गळतो.

आणि याची दुसरी बाजू मला जास्त छळते. आमच्याकडे व्हीलचेअर वापरणारा एक सहकारी आहे. त्याला ऑफिसला यायचंय. माणसांत बसून काम शिकायचंय, त्याचं वयच ते आहे. मुख्य दारापाशी पाच पायऱ्या आहेत. त्याला सांगितलं गेलं, "तू घरूनच कर ना, तिला दिलंय की." माझ्या मेलचा दाखला त्याच्यापुढे ठेवला गेला! मी त्याच दिवशी एचआरला लिहिलं, की मी मागितलं ते माझ्या शरीराला लागतं म्हणून. त्याने काय मागितलंय ते त्याचं पत्र उघडून वाचा.

त्याच्या पत्रात एकच ओळ आहे: दारापाशी रॅम्प हवा. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.