‘साधा ताप’ म्हणून सोडून द्यावं का? गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार गुरुजी,

मुलांमधल्या फ्लूवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत: ‘गणपतीच्या तोंडावर आईबापांना घाबरवू नका. आमची पिढी तुळस-आल्याच्या काढ्यावर वाढली. धडधाकट पोराला तापाने काही होत नाही.’

घाबरवण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटलं. बहुतेक मुलं आठवड्याभरात बरी होतात, हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. आज ते वाक्य लेखात वर घातलं आहे.

धडधाकट पोराचं मात्र पटत नाही. अमेरिकेत फ्लूने दगावलेल्या मुलांची देशभरची नोंद २००४ पासून ठेवतात. त्यातल्या जवळपास निम्म्या मुलांना आधीचा कसलाच आजार नसतो. आपल्याकडे ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो पुण्यातल्या १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा.

आणि माझा भाचा. चार वर्षांचा, मालवणजवळच्या वाडीतला, कधी दवाखाना न पाहिलेला. चतुर्थीच्या आधी मुंबईहून चाकरमानी आले, घर भरलं, त्यातच त्याला ताप आला. चौथ्या दिवशी उतरला. पोरगा पडवीत टाळ घेऊन नाचला. पाचव्या रात्री पुन्हा फणफणला. आरतीच्या घामात भिजला असेल, असं सगळेच म्हणाले, मीही म्हणाले. वहिनी त्याचा सदरा बदलत होती तेव्हा दिसलं: प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजलं. ५४. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त झाले, की ते जलद समजतात. भर पावसात रिक्षा काढली. न्युमोनिया होता. नऊ दिवसांनी पोर घरी आलं.

म्हणून मी त्या ‘उतरून परत आलेल्या’ तापावर एवढं लिहिते. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं आतलं अस्तर खरवडून टाकतो. नाका-घशात एरवी गुपचूप बसलेल्या जिवाणूंना मग फुप्फुसाची वाट मोकळी होते. आपल्याला वाटतं आजार संपला, आणि नेमका तेव्हाच दुसरा सुरू झालेला असतो.

मेंदूवरचा परिणाम तर याहून झपाट्याने येतो, कधी तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच: झटके, असंबद्ध बडबड, हाक मारली तरी डोळे न उघडणं. क्वचित हृदयाच्या स्नायूंना सूज येते. ताप उतरताना पोटऱ्या दुखतात म्हणून मूल चालायलाच तयार नसतं. ते बहुधा काही दिवसांत थांबतं, पण लघवी काळपट तांबडी दिसली तर थांबू नये. आणि आजोबांच्या हृदयाच्या गोळ्यांतली ॲस्पिरिन नातवाला तापासाठी कधीही देऊ नका. फ्लूमध्ये तिने मुलांच्या यकृतावर आणि मेंदूवर घातक परिणाम होऊ शकतो. पॅरासिटामॉल द्या, तेही वजनाच्या हिशेबाने.

काढ्याशी माझं भांडण नाही. कोमट काढा, पेज, जे पोटात जाईल ते द्या. अंगातलं पाणी टिकलंच पाहिजे. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला त्यात मध नको. पण फ्लूवरचं विषाणूरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं लागू पडतं. ‘तीन दिवस काढा देऊन बघू’ म्हणताना तेवढा वेळ निघून जातो. लस सहा महिन्यांनंतर दरवर्षी घेता येते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, तेव्हा त्याआधीच घेतलेली बरी.

तुमची नात सध्या तापाने झोपून आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंत. तिचे श्वास ती शांत झोपलेली असताना मोजा, रडताना नको. सदरा वर करून, पूर्ण एक मिनिट. किती आले ते इथेच कळवा. पण छाती आत ओढली जात असेल तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका, तसंच उचलून दवाखान्यात न्या.