बाटलीतले मिली मोजून बाळंतिणीला नापास करणाऱ्यांनो

बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी अंगावरचं दूध काढायचा पंप लावायचा, वीस मिनिटं घरघर करायची, बाटलीच्या तळाशी आलेलं चमचाभर पिवळट दूध उजेडात धरून बघायचं आणि मग सासूबाई, मावशी, शेजारच्या काकू आणि मालीशवाली अशा पंचायतीने निकाल द्यायचा: "हिला दूधच नाहीये." इंदूरमध्ये लोकमान्य नगर घ्या, रामबाग घ्या, सुदामा नगर घ्या, मराठी घरात बाळंतीण असली की हा निकाल लागतोच. मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पंपच लाव, म्हणजे बाळ किती प्यायलं ते तरी कळेल. दुसरा म्हणतो, फेका तो पंप, आमच्या वेळी कुठे होती असली यंत्रं. आणि जिचे टाके अजून ओले आहेत, जी दोन तास सलग झोपलेली नाही, तिने म्हणे या गोंधळात "काय ते ठरवायचं".

अहो, तो आकडा तरी आधी समजून घ्या. पहिल्या चोवीस तासांत बाळाला एका वेळी २ ते १० मिली पुरतं. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. तुम्ही नाकं मुरडलीत तो चमचाभर चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं दूध, ५ मिली, त्या वयाचं एक जेवण. शिवाय चीक घट्ट आणि चिकट असतो. बराचसा तर पंपाच्या फनेलला (छातीवर बसवायच्या तोंडाला) आणि झडपेलाच चिकटून राहतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस पंप नकोच. हाताने काढायचा: अंगठा आणि बोटं निपलपासून दोन-तीन सेंटीमीटर मागे ठेवायची, छातीच्या दिशेने मागे दाबायचं, मग हलकेच एकमेकांकडे दाबायचं, सोडायचं. कातडीवर बोटं घासायची नाहीत. खाली उकळून घेतलेला स्टीलचा चमचा धरायचा आणि त्याच चमच्याने बाळाच्या ओठाशी. सिझेरियन असेल किंवा पहिलंच बाळंतपण असेल तर भरभरून दूध उतरायला चार-पाच दिवसही लागतात. हे दवाखान्यातून सुट्टी देताना नीट सांगायला पाच मिनिटं लागत नाहीत, पण ती पाच मिनिटं कुणाकडे नसतात.

दूध उतरल्यावरही पंपाची बाटली हे मोजमाप नव्हेच. पान्हा फुटतो तो बाळाच्या स्पर्शाने, वासाने, रडण्याने. मोटरच्या आवाजाने तो कित्येकींना फुटत नाही, आणि समोर चार माणसं बाटलीकडे टक लावून बसली असतील तर मुळीच नाही. बाळाला पूर्ण अंगावर पाजणाऱ्या बाईने पाजल्यानंतर पंप लावला तर दोन्ही बाजू मिळून १५ ते ६० मिली निघणं अगदी नेहमीचं आहे. ते तर बाळ पिऊन उरलेलं! मोजायचंच असेल तर लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले हवेत, आणि काळी शी तोवर पिवळी झालेली हवी. पहिल्या दिवसांत वजन सात टक्क्यांपर्यंत उतरतं, दहाच्या वर गेलं तर डॉक्टर गाठा. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं. बाळ सुस्त पडून राहत असेल, पाजायला उठवूनही उठत नसेल, तर बाकी सगळे सल्ले बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता "आमच्या वेळी"वाल्यांकडे वळू. "सुरुवातीला दुखतंच, सहन कर" हे कुणी शिकवलं तुम्हाला? सुरुवातीचे काही सेकंद ओढ जाणवणं वेगळं, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी येणं, चिरा पडणं, रक्त येणं वेगळं. बाळाने सोडल्यावर निपल तिरकी चपटी दिसत असेल तर पकड चुकीची आहे. बाळ फक्त टोक धरून चावतंय. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक निपलसमोर. तोंड मोठं उघडलं की आधी हनुवटी टेकवायची. खालचा ओठ बाहेर वळलेला हवा आणि भोवतीचा काळसर भाग खालून कमी, वरून जास्त दिसायला हवा. हे बघायला कुणी बसत नाही, मेथीचे आणि डिंकाचे लाडू मात्र डबे भरभरून येतात.

पंप लागतोच अशा बायका आहेत. ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ, ज्याला चोखणं-गिळणं-श्वास यांचा मेळ घालता येत नाही. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवलेलं बाळ. कामावर परतणारी आई. किंवा जिने शांतपणे विचार करून ठरवलंय की आपल्याला हेच झेपेल. त्यांना "पंपाचं दूध शिळं" म्हणून टोमणे मारणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडून बघावा. सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला आठ वेळा पंप, प्रत्येक वेळी वीस मिनिटं: दोन तास चाळीस मिनिटं. तेवढाच वेळ वाटी-चमच्याने पाजायला. मग भाग धुणं, दहा मिनिटांचं आठदा. सहा तास चाळीस मिनिटं झाली, ढेकर अजून काढलेलाच नाही. त्यातली एक खेप रात्री १ ते ५ मधली, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं. हे काय आरामाचं काम वाटलं तुम्हाला?

आणि ते यंत्र! पंपासोबत खोक्यात बहुधा २४ मिमीचं फनेल येतं. निपलचा व्यास बुडाशी मोजा, काळसर भाग धरायचा नाही. फनेल त्याहून एक ते तीन मिमी मोठं पुरे. कित्येकींना १७, १९ किंवा २१ लागतं. मोठं झालं की काळसर भागही आत खेचला जातो, सूज येते आणि दूध कमी निघतं. लहान झालं की निपल कडांना घासते, पांढरी पडते. जोर पूर्ण वाढवल्याने दूध जास्त येत नाही. दुखलं की पान्हा अडतो. आधी दोन मिनिटं हलका जलद मोड, धार सुरू झाली की संथ मोड, धार थांबली की पुन्हा जलद.

सगळ्यात छळवादी वस्तू म्हणजे ती सिलिकॉनची चोचीसारखी झडप. तिच्या टोकाची चीर मिटलेली हवी. ब्रशने घासली की ती फाकते, दिवसाला आठदा वापरली तर दोन महिन्यांत सैल पडते. मोटर तशीच घरघरते, पण ओढ गेलेली असते आणि बाटलीत येतं निम्मं. झडप फाटली आणि नापास झाली आई! इंदूरच्या दवा बाजारात पंप हवा तेवढा मिळेल, पण सुटी झडप किंवा १९ नंबरचं फनेल मागून बघा, दुकानदार नव्या पंपाचं खोकं पुढे करतो. अरे भिया, झडप पाहिजे, पंप नाही! पंप घेतानाच दोन जास्तीच्या झडपा मागवून ठेवा. नळी धुवायची नाही. आत ओल दिसली तर मोकळा पंप दोन-तीन मिनिटं चालवून वाळवा, काळे डाग दिसले तर फेका. आणि नणंदेचा जुना पंप वापर म्हणणाऱ्यांना कळवा की उघड्या रचनेच्या, म्हणजे दूध आणि मोटर यांच्यात अडसर नसलेल्या पंपात दूध थेट मोटरपर्यंत जाऊ शकतं, आणि मोटर उकळता येत नाही.

"रात्री वरचं दूध द्या, तिला झोपू द्या" हा सल्ला मायेचा असतो, पण रोज पाळला की महागात पडतो. छाती भरून राहिली की शरीर समजतं, एवढं लागत नाही, आणि उत्पादन कमी करतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर वरचं दूध जरूर द्या, त्यात लाज कसली, पण त्या खेपेला दूध काढून घ्या. संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं ते उपाशी आहे म्हणूनच असं नाही. १९९२च्या कायद्याने दुधाच्या डब्यांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आहे. ते काम आता घरचे फुकटात करतात.

छातीत दुधाची गाठ आली की मालीशवाली बोटं रुतवून रगडते, वरून गरम शेक, वरून "पूर्ण रिकामं होईपर्यंत पंप लाव". तिन्ही उलटं. रगडल्याने सूज वाढते, जास्त पंपाने दूध अजून वाढतं. नेहमीसारखं पाजा, थंड शेक द्या, हलका हात फिरवा. ताप, थंडी आणि लाल चट्टा चोवीस तासांत ओसरला नाही तर डॉक्टर.

काढलेलं दूध साठवण्यात तर अक्कलच गहाण. चार तास बाहेर टिकतं हा नियम २५ अंशांचा आहे. मे महिन्यात इंदूर चाळीसच्या वर असतं, तेव्हा काढलं की लगेच फ्रीजमध्ये, मागच्या बाजूला, दारात नाही. तिथे चार दिवस. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सहा महिने, एकाच दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोनच आठवडे. वितळलेलं चोवीस तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. साय वर आणि पाणी खाली दिसलं म्हणजे दूध नासलं नाही, बाटली हलकेच फिरवा. ते सिंकमध्ये ओतणाऱ्या हाताला आणि "एकदा उकळून घेऊ" म्हणून गॅसवर ठेवणाऱ्या हाताला काय म्हणावं! कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवली की झालं.

आणि नोकरी. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसात दोन सुट्या वेळा दिल्या, २०१७मध्ये पहिल्या दोन बाळांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. कामावर परतल्यावर दर तीन तासांनी पंप हवा. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत टेबल टेनिसला जागा निघते, आणि बाई शौचालयात कमोडच्या झाकणावर बसून पंप लावते. फ्रीज नसला तरी चालेल, गोठवलेल्या आइस पॅकसोबत कूलर बॅगेत दूध २४ तास राहतं. एक खुर्ची, एक प्लग, हात धुवायला नळ आणि आतून लागणारी कडी, एवढं द्या.