शिलाँगच्या जागी ‘निर्मनुष्य जंगल’ होते का? मेघालयाविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

मेघालयाच्या सहलीला निघणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एक माहितीपर संदेश हातोहाती फिरत असतो. त्यातली विधाने थोडक्यात अशी: मेघालय हे हिमालयाच्या रांगांमधले राज्य आहे, जगातला सर्वाधिक पाऊस तिथे पडत असल्यामुळे पाण्याची कधी ददात नसते, शिलाँगच्या जागी निर्मनुष्य जंगल होते आणि इंग्रजांनी तिथे शहर वसवले, आणि पूर्वापार आसामचा असलेला हा प्रदेश १९७२ मध्ये आसामपासून तोडण्यात आला. प्रत्येक विधानात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती चटकन पटतात. पण ती एकामागून एक वाचली की या पठाराला स्वतःचा भूगोल आणि स्वतःचा इतिहास नाहीच, असा समज होतो. तो दूर करणे मला आवश्यक वाटते.

हिमालयाचे विधान आधी पाहू. गुवाहाटीहून शिलाँगकडे वळणावळणाने चढत जाताना पाइनची झाडे आणि धुके दिसू लागले की आपण हिमालयात आलो असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हिमालय ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे, उत्तरेला आहे आणि मधे ब्रह्मपुत्रेचे सबंध खोरे पसरलेले आहे. मेघालयाचे पठार हा भारतीय द्वीपकल्पाचाच एक तुकडा असून त्याचा पाया छोटा नागपूरच्या पठारासारखाच अतिप्राचीन खडकांचा आहे. या दोहोंमधला, म्हणजे झारखंडमधल्या राजमहाल आणि मेघालयातल्या गारो टेकड्यांदरम्यानचा भाग खचला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने भरून गेला, आणि मेघालय मूळ भूमीपासून वेगळे पडल्यासारखे दिसू लागले. आपल्या सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. मेघालयाच्या दक्षिण कडेला आढळणारा ‘सिल्हेट ट्रॅप’ हाही तसाच लाव्हाचा खडक, पण अकरा कोटी वर्षांहून जुना. म्हणजे नात्याच्या दृष्टीने हे पठार हिमालयापेक्षा दख्खनला जवळचे आहे. हिमालय घडवणाऱ्या भूहालचालींच्या दाबामुळे ते वर उचलले गेले, एवढा संबंध मात्र मान्य करावा लागतो. तो दाब आजही संपलेला नाही. १२ जून १८९७ च्या प्रचंड भूकंपात शिलाँगमधल्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. भूशास्त्रज्ञ आर. डी. ओल्डहॅम यांनी त्याचा जो अभ्यास केला, तो भूकंपशास्त्राच्या पायाभरणीत गणला जातो. त्यानंतर शिलाँगमध्ये लाकडी चौकट, वेताबांबूच्या कुडावर गिलावा आणि वर पत्रा अशी हलकी घरे रूढ झाली. आज ‘आसाम पद्धतीची घरे’ म्हणून पर्यटक ज्यांची छायाचित्रे काढतात, ती घरे ही त्या भूकंपाची आठवण आहे.

पावसाचे विधान अर्धे खरे आहे. दक्षिण कडेवरच्या मावसिनराम या गावाची वार्षिक सरासरी सुमारे ११,८७० मिलिमीटर आहे आणि सोहरा, म्हणजे आपले पाठ्यपुस्तकातले चेरापुंजी, त्याच्या अगदी जवळ आहे. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत सोहरामध्ये २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. परंतु हा पाऊस सबंध राज्याचा नव्हे. बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे आज बांगलादेशात असलेल्या सिल्हेटच्या सपाटीवरून विनाअडथळा येतात आणि एकदम उभ्या कड्यावर आदळतात, त्यामुळे सगळा जोर दक्षिण कडेवर पडतो. शिलाँग तिथून रस्त्याने जेमतेम ५०-५५ किलोमीटर, पण तिथली सरासरी २,२०० मिलिमीटरच्या आसपास आहे. महाबळेश्वरचा पाऊस पाचगणीपर्यंत कसा ओसरतो हे पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. शिवाय सोहराच्या माथ्यावर मातीचा थर पातळ, खाली चुनखडी आणि वालुकाश्म, झाडी विरळ; पावसाळ्यातले पाणी थेट बांगलादेशात उतरते आणि हिवाळ्यात त्याच सोहरामध्ये पाण्यासाठी वणवण करावी लागते.

मला सर्वांत जास्त खटकते ते तिसरे विधान, कारण त्यात एका समाजाचे अस्तित्वच पुसले जाते. शिलाँग हे नाव इंग्रजांनी दिलेले नाही. या डोंगरात राहणाऱ्या खासी जमातीच्या श्रद्धेनुसार शहरामागच्या शिखरावर लेई शिलाँग या देवतेचा वास आहे, आणि याच नावाचे ‘हिमा शिलाँग’ हे खासी राज्य इंग्रज येण्यापूर्वीच नांदत होते. त्याचेच पुढे खिरिम आणि मिलियेम असे दोन भाग झाले. ‘हिमा’ म्हणजे राज्य आणि त्याचा प्रमुख तो ‘सियेम’. पण सियेमला सर्वाधिकार नसत, दरबाराच्या संमतीनेच त्याला कारभार करावा लागे. इंग्रजांनी या डोंगरात पाय रोवला तो आसाम आणि सिल्हेट यांना जोडणाऱ्या रस्त्यासाठी. नोंगख्लाव या खासी राज्याचे सियेम तिरोत सिंग यांनी १८२९ मध्ये त्यांच्याविरुद्ध शस्त्र उचलले, जवळजवळ चार वर्षे झुंज दिली, आणि १८३५ मध्ये ढाक्याला कैदेत त्यांचा मृत्यू झाला. निर्मनुष्य जंगलात अशी लढाई होत नाही. पुढे सोहराच्या पावसाला कंटाळून इंग्रजांनी ठाणे हलवायचे ठरवले, तेव्हा १८६३ मध्ये मिलियेमच्या सियेमशी व्यवहार करून त्यांनी शिलाँगची जमीन घेतली. जमीन कुणाची तरी होती, म्हणूनच ती मागावी लागली. इंग्रजांनी तिथे छावणी, बंगले, रस्ते आणि प्रशासकीय केंद्र उभारले, हे श्रेय त्यांना अवश्य द्यावे. पण त्या वस्तीला लागून मिलियेमचा मुलूख कायम राहिला. याचा पुरावा शोधायला दूर जायला नको. आदिवासी क्षेत्रांच्या कारभाराविषयीच्या सहाव्या अनुसूचीत मूळ संविधानाने खासी-जैंतिया डोंगरी जिल्ह्याची हद्द सांगताना शिलाँगची नगरपालिका आणि छावणी वगळली होती, मात्र नगरपालिकेचा जो भाग पूर्वी मिलियेम संस्थानात होता तो जिल्ह्यातच ठेवला होता. शहराचा मोठा बाजार, येवदुह, आजही मिलियेमच्या सियेमच्या अखत्यारीत चालतो.

आता आसामचा मुद्दा. खासी डोंगरात पंचवीस संस्थाने होती आणि त्यांनी १९४७-४८ मध्ये भारताशी सामीलनामे केले. औंध किंवा सांगली ही जशी संस्थाने, तशीच ही. शेजारच्या जैंतिया जमातीचे वेगळे राज्य इंग्रजांनी १८३५ मध्ये खालसा केले, आणि त्याची राजधानी जैंतियापूर आज बांगलादेशात आहे. दक्षिण उतारावरच्या लोकांचा चुना, संत्री आणि सुपारी यांचा व्यापार शतकानुशतके सिल्हेटशी होता. फाळणीने तो तोडला. हा प्रदेश आसामला प्रशासकीयदृष्ट्या जोडला गेला तो १८७४ मध्ये, जेव्हा इंग्रजांनी आसामचा स्वतंत्र प्रांत केला आणि त्याची राजधानी शिलाँगला ठेवली. खासी भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातली आणि गारो तिबेटो-बर्मी कुळातली, त्यामुळे १९६० मध्ये आसामी ही राजभाषा करण्याचा कायदा आला तेव्हा डोंगरी नेते एकत्र येणे अपरिहार्य होते. त्यांनी सनदशीर मार्गाने लढा दिला. २ एप्रिल १९७० रोजी आसामअंतर्गत स्वायत्त राज्य मिळाले, आणि २१ जानेवारी १९७२ रोजी पूर्ण राज्य झाले. पहिले मुख्यमंत्री कॅप्टन विल्यमसन संगमा हे गारो जमातीचे होते. राज्याचे ‘मेघालय’ हे संस्कृत नावही भूगोलतज्ज्ञ शि. प्र. चॅटर्जी यांनी या पठारासाठी आधीच योजलेले होते. आणि राज्य झाल्यावर शिलाँग जागेवरच राहिले; आसामला आपली राजधानी खाली गुवाहाटीजवळ दिसपूरला न्यावी लागली.