अडतीस हजारांची केबल आणि सरांच्या बोर्डातली अर्थिंग

सांगली-मिरजेतल्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांकडून आला. मेसेज असा: अॅम्प्लिफायरला साधी पॉवर केबल लावली तर गाणं गुदमरतं. अतिशुद्ध तांब्याची, जाड, शिल्डवाली (आत वायरींभोवती धातूची जाळी असलेली) केबल लावा, हम, म्हणजे स्पीकरमधली सततची घूं-घूं, जातो आणि आवाज मोकळा होतो. केबलवरच्या बाणाची दिशा पाळा. शंका असेल तर कानांनी ऐकून बघा. आणि घरी केबल बनवायच्या फंदात पडू नका, जिवाशी खेळ आहे. खाली तीस-चाळीस हजारांच्या केबलींची यादी.

मी एरवी असल्या मेसेजना उत्तर देत नाही. पण खणभागातले आमचे एक सर तो वाचून एफडी मोडायला निघाले. निवृत्त शिक्षक, किराणा घराण्याच्या गायकीवर जीव, मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाचं गाणं कधी चुकवत नाहीत. त्यांच्या अॅम्प्लिफायरला हम होता, आणि अडतीस हजारांची केबल घेतली की तो जाईल असं त्यांना वाटत होतं.

तेव्हा आधी हमबद्दलच बोलतो, कारण मेसेजमधला सगळ्यात मोठा दावा तोच आहे. आपली लाइट 50 हर्ट्झची. तिचा हम 50 वर आणि त्याच्या पटीत 100 वर ऐकू येतो. 100 हर्ट्झ म्हणजे हार्मोनियमवर पांढरी पाचच्या जरा वर आणि काळी चारच्या खाली. गायक काळी एकमध्ये गात असेल तर तानपुऱ्याच्या पंचमाखाली हा उतरलेला पंचम सतत घुमत राहतो. सरांना तो सहन होत नव्हता यात नवल नाही. तक्रार खरी होती, औषध चुकीचं होतं.

मी त्यांच्याकडे गेलो आणि अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावली. बारीक झिणझिण्या आल्या. तळहात ठेवला तर हम निम्म्याने कमी झाला. तिथेच अर्थिंगचा, म्हणजे जमिनीशी जोडणाऱ्या तारेचा, संशय आला. बोर्डावर मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये 226, ठीक. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच यायला हवं, तिथे आकडा 90 च्या आसपास नाचत होता. मेन बंद करून बोर्ड उघडला. अर्थच्या स्क्रूवर हिरवा थर चढलेला आणि स्क्रूखालची तार बोट लावताच हातात आली. 2019 च्या महापुरात हा बोर्ड दोन दिवस पाण्यात होता. नंतर रंग दिला, पंखे बदलले, बोर्डाच्या आत मात्र कुणी डोकावलं नाही. वायरमनला बोलावून अर्थची तार आणि सॉकेट बदललं, अर्थिंगचा खड्डाही तपासून घेतला. हम गेला. त्या बोर्डाला अडतीस हजारांची केबल लावली असती तरी तिची अर्थची तार त्या हिरव्या स्क्रूपाशीच संपली असती. शिल्डचंही तेच, कारण शिल्ड अर्थला जोडलेलं असेल तरच काम करतं.

शिल्डमध्ये तथ्य मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. रेकॉर्ड प्लेअरची सिग्नल वायर पॉवर केबलला चिकटून गेली असेल तर त्रास होऊ शकतो. मग दोन्ही वायरी वीतभर लांब ठेवा, आणि ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडा. याला पैसे पडत नाहीत.

आता तांबं. वायरीतलं नेहमीचं तांबं 99.9 टक्के शुद्ध असतं. ऑक्सिजनमुक्त म्हणून जे महाग विकतात ते त्याहून शुद्ध असतं हे खरं, पण वीज वाहण्यात फरक पडतो सुमारे एक टक्का. दीड मीटरची साधी केबल दीड सेंटिमीटरने, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढी, आखूड केली की तोच फरक मिळतो. शिवाय डीपीपासून खांबांवरून घरापर्यंत येणारी तार बहुतेक ठिकाणी अॅल्युमिनियमची आहे.

जाडीचा हिशेब घरी करता येतो. 1.5 स्क्वेअर एमएमची दीड मीटर केबल, जाणं-येणं मिळून तीन मीटर तार, रोध साधारण 0.04 ओहम. 200 वॅट घेणारा अॅम्प्लिफायर सुमारे एक अँपियर ओढतो, म्हणजे केबलमध्ये 0.04 व्होल्ट पडतात. अॅम्प्लिफायर आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) भरताना करंट धक्क्याधक्क्याने घेतो, तेव्हा क्षणभर 10 अँपियर धरा. तरी 0.4 व्होल्टच. सोसायटीची पाण्याची मोटर चालू झाली की याहून जास्त व्होल्ट हलतात. आणि स्पीकरला जाणारी वीज त्या कपॅसिटरांतून जाते, थेट भिंतीतून नाही.

बाणाबद्दल एकच वाक्य पुरे: आपल्या लाइटचा करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो.

‘कानांनी ऐकून बघा’ हा मुद्दा मला मान्य आहे, फक्त केबल दिसता कामा नये. एका मित्राची पंचवीस हजारांची केबल मी आठवडाभर आणली होती. पुतणी पडद्यामागे केबल बदलायची, कधी बदलल्याचं नाटक करायची आणि वहीत लिहायची. कुठली केबल लावलीय ते मी बारा वेळा सांगितलं, सात बरोबर आले. नाणं उडवूनही इतके येतात. केबल समोर दिसत असताना मात्र मला फरक स्पष्ट ऐकू येत होता, आणि मी खोटं बोलत नव्हतो. डोळा आणि किंमत कानावर काम करतात, माझ्याही.

राहिला घरगुती केबलीचा धोका. हा मुद्दा गंभीर आहे आणि अर्धा खरा आहे. ज्याने कधी प्लग जोडलेला नाही त्याने पहिली केबल वायरमनला शेजारी बसवूनच करावी. पण महागडी केबल आपोआप सुरक्षित ठरते हे चूक. परदेशी केबलींना बऱ्याचदा युरोपियन प्लग असतो. त्याच्या दोन गोल पिना आपल्या सॉकेटमध्ये जातात, जरा सैलच बसतात, आणि त्याची अर्थ असते कडेच्या पट्ट्यांवर. आपल्या सॉकेटमध्ये त्या पट्ट्यांना कशाचाच स्पर्श होत नाही. म्हणजे बिनअर्थिंगचा अॅम्प्लिफायर, वर सैल पिन, वर जाड केबलचं वजन लोंबतंय.

सरांची केबल मीच बनवली. आयएसआय मार्कची 1.5 स्क्वेअर एमएम थ्री कोअर वायर, चांगला प्लग टॉप, आणि दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरच्या केबलला असतो तसा 10 अँपियरचा कनेक्टर. खर्च पाचशेच्या आसपास. तपकिरी फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी अर्थला. अर्थची तार बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवायची, म्हणजे केबल ओढली गेली तरी ती शेवटी सुटते. क्लॅम्पखाली बाहेरचं जाड आवरण आलं पाहिजे, आतल्या बारीक वायरी नाहीत. तारांच्या टोकांना शिसं (सोल्डर) लावून स्क्रूखाली दाबू नका. शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू सैल होतो आणि प्लग तापतो. त्याऐवजी लग, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवायचा धातूचा तुकडा, लावा. भिंतीत घालण्याआधी मल्टिमीटरने तिन्ही तारा टोकापासून टोकापर्यंत वाजवून बघा (तार सलग असेल तर मीटर वाजतो), आणि एकमेकींशी वाजत नाहीत ना, तेही बघा.

मेसेज पाठवणाऱ्या चौघांना मी कळवलंय की केबल घेण्याआधी बोर्डावरचं फेज-अर्थचं रीडिंग वायरमनकडून घ्या आणि मला पाठवा. दोघांचं आलं. विश्रामबागचं 228 आहे. मारुती चौकाजवळचं 74. तिथे रविवारी वायरमनला घेऊन जातोय.